स्क्रिप्टमधील चूक कशी शोधावी ?

निबंधाच्या वहींत एखादा काना किंवा मात्रा चुकली, तरी शिक्षक विद्यार्थ्याचा हेतु ओळखून घेतात, तांबड्या शाईनें ती चूक दाखवितात व पुढें वाचूं लागतात. संगणकापाशीं असें औदार्य नाहीं. आपण लिहिलेलें अक्षर तो जसेंच्या तसें वाचतो आणि त्याप्रमाणें वागतो. आपल्या मनांत काय होतें हें त्यास ठाऊक नसतें. यूनिक्स पद्धतीच्या संगणकावर काम करणाऱ्यास हा अनुभव पदोपदीं येतो. आमचे जे विद्यार्थी संगणकाच्या खोलींत नुकतेच बसूं लागले आहेत, त्यांस चूक शोधण्याची एक सरळ रीत सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शेल म्हणजे काय तें पाहूं. यूनिक्सचा जन्म इ. स. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन टॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते होत. या प्रणालीचा जो आंतला भाग सर्व यंत्रसामग्रीचा कारभार पाहतो, त्यास कर्नल म्हणजे गाभा म्हणतात. आणि त्याच्या भोंवतीं बसून मनुष्याची आज्ञा ऐकणारा जो प्रोग्राम, त्यास शेल म्हणजे कवच असें नांव आहे. स्टीफन बोर्न यांनीं रचलेला शेल १९७९ सालीं यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. पुढें १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं त्याच धर्तीवर बॅश नांवाचा शेल तयार केला, आणि लिनक्सच्या पुष्कळशा यंत्रांवर आज तोच आढळतो. शेलला एकेक आज्ञा हातानें टंकून देतां येते. किंवा अनेक आज्ञा एका फाइलींत लिहून ती फाइलच त्यास वाचावयास देतां येते. अशा फाइलीस स्क्रिप्ट म्हणतात.

आतां आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. याच वार्षिकासाठीं आलेले विद्यार्थ्यांचे लेख आम्हीं संगणकावर टंकून ठेविले होते. मागील वर्षाचे लेख "जुने लेख" या नांवाच्या फोल्डरांत पडून होते. ते पुसून जागा मोकळी करावी, म्हणून आम्हीं तीन ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या ओळींत त्या फोल्डरचें नांव एका चलांत ठेविलें. दुसऱ्या ओळींत, सीडी ही आज्ञा वापरून, त्या फोल्डरांत शिरण्यास सांगितलें. तिसऱ्या ओळींत आरएम ही आज्ञा व तिच्यापुढें ताऱ्याची खूण, म्हणजे "येथील सर्व फाइली पुसून टाक", असें लिहिलें. स्क्रिप्ट चालविली. पडद्यावर इंग्रजींत एक ओळ उमटली. ती आम्हीं वाचलीच नाहीं. थोड्या वेळानें पाहतों तों जुने लेख जागच्या जागीं सुखरूप, आणि यंदाचे सर्व लेख नाहींसे झालेले !

आरएमनें पुसलेली फाइल केराच्या टोपलींत जाऊन पडत नाहीं. ती गेली म्हणजे गेली. बहुतेक लेखांच्या हस्तलिखित प्रती आमच्यापाशीं होत्या, म्हणून चार दिवस खपून ते पुन्हां टंकतां आले. परंतु इयत्ता आठवींतील एका विद्यार्थिनीनें आपल्या आजीविषयींचा लेख थेट संगणकावरच लिहिला होता. त्याची प्रत कोठेंहि नव्हती. तिनें तो आठवून पुन्हां लिहून दिला व तो या अंकांत घेतला आहे. मात्र पहिला लेख याहून बरा होता असें ती म्हणते, आणि यावर आम्हांस कांहीं उत्तर देतां आलें नाहीं.

हें घडलें कसें ? शेल एखादी ओळ वाचतो तेव्हां ती तो लागलीच अमलांत आणीत नाहीं. प्रथम चलाच्या जागीं तो त्याची किंमत भरतो. मग त्या किंमतींत जेथें मोकळी जागा दिसेल तेथें तिचे तुकडे पाडतो. त्यानंतर ताऱ्यासारख्या खुणांच्या जागीं जुळणाऱ्या फाइलींचीं नांवें घालतो, आणि अखेरीस आज्ञा चालवितो. "जुने लेख" या नांवांत दोन शब्दांमध्यें मोकळी जागा आहे. म्हणून सीडीस एका नांवाऐवजीं दोन नांवें मिळालीं. एकाच वेळीं दोन ठिकाणीं शिरणें शक्य नाहीं. तेव्हां सीडीनें "टू मेनी आर्ग्युमेंट्स", म्हणजे "नांवें अधिक झालीं", अशी तक्रार केली व काम सोडून दिलें. परंतु एक आज्ञा फसली म्हणून स्क्रिप्ट आपण होऊन थांबत नाहीं. शेल तिसऱ्या ओळीकडे वळला, आणि आम्ही ज्या फोल्डरांत होतों तेथीलच सर्व फाइली त्यानें पुसून टाकल्या. दुसऱ्या ओळींतील चलाभोंवतीं दुहेरी अवतरणचिन्हें घातलीं असतीं, तर नांवाचे तुकडे पडले नसते.

या प्रसंगानंतर आम्हीं कांहीं नियम ठरविले. ते विद्यार्थ्यांनीं वहींत उतरून घ्यावेत.

पहिला नियम : पडद्यावरील संदेश वाचावा, आणि अनेक संदेश असतील तर सर्वांत पहिला वाचावा. मागून येणारे संदेश बहुधा पहिल्या चुकीचीच संतति असतात. बॅश आपल्या संदेशांत स्क्रिप्टचें नांव, ओळीचा क्रमांक व तक्रार करणारी आज्ञा हीं तिन्ही सांगतो. आम्हीं तिसऱ्या ओळींत दोष शोधीत बसलों. संदेशांत मात्र दुसरी ओळ लिहिलेली होती.

दुसरा नियम : आज्ञेचा निकाल विचारावा. प्रत्येक आज्ञा संपतांना शेलच्या हातीं एक अंक देते. शून्य म्हणजे यश. दुसरा कोणताहि अंक म्हणजे सामान्यतः अपयश. १२७ हा अंक आला तर त्या नांवाची आज्ञा सांपडली नाहीं असें समजावें. १२६ आला तर ती सांपडली पण चालवितां आली नाहीं, बहुधा तशी परवानगी नाहीं, असें समजावें. इको या आज्ञेपुढें डॉलरचें चिन्ह व त्यास लागून प्रश्नचिन्ह लिहिलें कीं हा अंक दिसतो. तो तत्काळ विचारावा. कारण मध्यें दुसरी आज्ञा चालली कीं पहिलीचा अंक जातो.

तिसरा नियम : शेलला बोलतें करावें. बॅश या नांवापुढें वजाचें चिन्ह व एक्स हें अक्षर लिहून स्क्रिप्ट चालविली, तर प्रत्येक आज्ञा, चलांच्या किंमती भरून झाल्यावर तिचें जें रूप होतें त्या रूपांत, अधिक चिन्हामागोमाग पडद्यावर दिसते. एक्सच्या जागीं एन लिहिल्यास शेल कांहींहि न चालवितां केवळ व्याकरण तपासतो. आमची स्क्रिप्ट सुदैवानें निराळ्या जागीं ठेविलेली होती. निरुपयोगी फाइलींचें एक खोटें फोल्डर करून आम्हीं ती तेथें अशा रीतीनें पुन्हां चालविली. तेव्हां "जुने" आणि "लेख" हे दोन शब्द सीडीपुढें वेगवेगळे उभे असलेले दिसले, आणि सर्व उलगडा झाला.

चौथा नियम : नाश करणाऱ्या आज्ञेपुढें आधीं इको लिहून पाहावें. मग शेल फाइली पुसत नाहीं. काय पुसलें असतें त्याची यादी मात्र दाखवितो. ती यादी डोळ्यांखालून घातल्यावरच इको काढावें.

पांचवा नियम : अपयश आल्यास थांबण्याची सोय आपणच करून ठेवावी. सीडीच्या ओळीच्या शेवटीं दोन उभ्या रेघा व एक्झिट हा शब्द लिहिला, कीं सीडी फसतांच स्क्रिप्ट तेथेंच संपते. तसेंच किंमत न दिलेला चल शेल रिकामा समजतो व त्याविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. स्क्रिप्टच्या आरंभीं सेट ही आज्ञा व पुढें वजा यू लिहिल्यास अशा वेळीं तो तक्रार करून थांबतो. शेलचेक नांवाचा एक प्रोग्राम विनामूल्य मिळतो; तो स्क्रिप्ट न चालवितां वाचून अशीं दोषस्थळें ओळीनिशीं दाखवितो. आमच्या तीन ओळींतील दोष त्यानें क्षणार्धांत दाखविले.

हे नियम केवळ नवशिक्यांसाठीं आहेत असें कोणी समजूं नये. जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्यें काय घडलें तें पाहावें. तेथें फाइलींच्या प्रती जतन करणारी एक स्क्रिप्ट होती, आणि दहा दिवसांहून जुन्या नोंदी फाइंड या आज्ञेनें पुसून टाकण्याचें कामहि तिच्याकडेच होतें. यंत्र पुरविणाऱ्या कंपनीनें ती सुधारली, आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतांनाच तिच्यावर नवी लिहिली. आतां बॅश स्क्रिप्ट एकदम संपूर्ण वाचून ठेवीत नाहीं; थोडी वाचतो, ती चालवितो, व मग पुढची वाचतो. त्यामुळें मधूनच नवा मजकूर त्याच्या वाचनांत आला. त्यांतील चलांस किंमत मिळालेलीच नव्हती. परिणामीं पुसण्याची आज्ञा नोंदींच्या फोल्डराऐवजीं संशोधकांच्या फाइलींवर चालली. १४ ते १६ डिसेंबर या अवधींत सुमारें ७७ टेराबाइट भरतील अशा ३ कोटि ४० लक्ष फाइली गेल्या. १४ संशोधक गटांस याची झळ पोंचली, व त्यांपैकीं ४ गटांचें गेलेलें काम परत मिळविणें अशक्य ठरलें. कंपनीनें सर्व दोष आपल्या माथीं घेतला. यावरून आणखी एक नियम निघतो : चालू असलेल्या स्क्रिप्टवर कधींहि लिहूं नये. नवी स्क्रिप्ट निराळ्या नांवानें तयार करावी, आणि जुनीचें काम संपल्यावर ती तिच्या जागीं ठेवावी.

विद्यार्थिमित्रहो, स्क्रिप्ट चुकली कीं "यंत्र बिघडलें" असें म्हणण्याकडे आपला कल असतो. आम्हींहि त्या दिवशीं प्रथम तेंच म्हटलें. परंतु यंत्रानें आमची आज्ञा अक्षरशः पाळली होती. दोष आज्ञेंत होता. म्हणून "मला काय म्हणावयाचें होतें ?" हा प्रश्न बाजूस ठेवून "मीं प्रत्यक्ष काय लिहिलें, आणि तें शेलनें कसें वाचलें ?" हा प्रश्न आधीं विचारावा. वरील सर्व नियम या एका प्रश्नाचें उत्तर मिळविण्याचीं साधनें आहेत. आणि कितीहि सावध राहिलें तरी एखादे दिवशीं हात चुकणारच, हें ध्यानीं धरून आपल्या कामाची दुसरी प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी. आमच्या संगणकखोलींत आतां रोज सायंकाळीं, कुलूप लावण्यापूर्वीं, त्या दिवसाच्या सर्व लेखनाची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते. तें काम करणारी स्क्रिप्ट प्रथम वाचून तपासली ती त्या आठवींतील विद्यार्थिनीनें. आणि एका चलाभोंवतीं अवतरणचिन्हें राहून गेलीं होतीं, तीं तिनेंच आम्हांस दाखवून दिलीं.