जुळलेल्या तेरजेवर विसंबू नकोस

सोमवारपासून तू उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या क्लिअरिंग एजंटकडे हिशोबाला बसणार, म्हणून चार गोष्टी सांगतो. टॅलीची बटणं तुला येतात. एफ 5 म्हणजे पेमेंट आणि एफ 7 म्हणजे जर्नल, हे तुला काकाने शिकवायची गरज नाही. मला सांगायचंय ते बटणांच्या मागचं.

सॉफ्टवेअरमधली तेरीज नेहमी जुळते, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव. आम्ही रोजकीर्दीवरून खतावणी करायचो, खतावणीवरून तेरीज काढायचो, आणि जमा-नावे जुळलं नाही की रात्र जागायचो. त्या न जुळण्यातूनच चूक हाती लागायची. आता व्हाउचरच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय यंत्र नोंद घेतच नाही, आणि एकदा भरलेला आकडा स्वतःच खतावणीत नेतं. बेरजेची आणि उतरवण्याची चूक त्यामुळे गेली, बाकीच्या सगळ्या चुका राहिल्या. डिझेल दुरुस्तीच्या खात्यात गेलं, एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर पडली, तेच बिल दोनदा चढलं, तरी तेरीज जुळलेलीच दिसेल. म्हणून पडताळणी बाहेरच्या कागदाशी करायची: बँकेचं स्टेटमेंट, पक्षाचा खातेउतारा, जीएसटीचा 2बी.

बँकेशी मेळ घालताना फरक आला तर आधी त्याला 9 ने भागून बघ. पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन आकडे उलटसुलट टाइप झालेत. 5400 च्या जागी 4500 पडले की फरक 900 येतो. 9 ने भाग गेला नाही तर फरकाची निम्मी रक्कम शोध, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट होतो. ही युक्ती वहीच्या काळातली आहे, पण आकडा अजून माणूसच टाइप करतो, म्हणून ती आजही चालते.

खातं उघडताना घाई करू नकोस. यंत्राला माणूस कळत नाही, खातं कळतं. लोडिंग-अनलोडिंगच्या एकाच ठेकेदाराची दोन स्पेलिंगं पडली की ती यंत्राच्या लेखी दोन माणसं. मग काय होतं बघ. ठेकेदाराच्या बिलावर टीडीएस लागतो तो एका बिलात 30 हजारांच्या वर किंवा वर्षभरात मिळून 1 लाखाच्या वर गेल्यावर. एका खात्यात 70 हजार, दुसऱ्यात 60 हजार, प्रत्येक बिल 30 हजारांच्या आत. दोन्ही खाती मर्यादेत दिसतात, आणि टीडीएस कापायचा राहून जातो. नोटीस आली की मालक तुलाच विचारणार. म्हणून नवं खातं उघडण्याआधी नावावरून शोधू नकोस, पॅनवरून शोध. जीएसटी क्रमांक असेल तर पॅन त्यातच असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची 10 अक्षरं पॅनची. आपल्याकडे लोक माणसाला घरच्या नावाने ओळखतात, बिलावर मात्र भलतंच नाव असतं. तसं असेल तर ते चालू नाव त्याच खात्याला एलियास म्हणून दे, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी खातं एकच उघडेल.

आता तुझ्या ऑफिसातली सगळ्यात नाजूक जागा: कुठला पैसा कोणाचा. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. त्याआधी उरणातला हिशोब म्हणजे मिठागरं, दुकानं आणि करंजा-मोऱ्याच्या बोटी. बोटीचं डिझेल, बर्फ आणि खलाशाची उचल लिहिली की दिवस संपायचा, आणि पैसा कोणाचा याबद्दल शंका नसायची. क्लिअरिंगच्या धंद्यात ऑफिसच्या बँकेतून जाणारा बराचसा पैसा ऑफिसचा नसतोच. शिपिंग लाइनचे चार्जेस, सीएफएसचं (कंटेनर फ्रेट स्टेशनचं) भाडं, कस्टम्स ड्युटी हे सगळं आयातदाराच्या वतीने भरलं जातं. ते खर्चात टाकलंस आणि वसुली विक्रीत दाखवलीस, तर नफा तेवढाच राहतो पण उलाढाल फुगते, आणि जीएसटी अधिकारी त्या सगळ्या रकमेवर कर मागू शकतो. पक्षाच्या वतीने असे पैसे भरणाऱ्याला कायद्यात प्युअर एजंट म्हणतात, नियम 33. पक्षाने तसा अधिकार दिलेला हवा, जेवढे भरले तेवढेच वसूल करायचे, एक रुपयाही वर नाही, आणि बिलात ती रक्कम आपल्या सेवेहून वेगळी दाखवायची. सीएफएसचं बिलही पक्षाच्या नावाने आणि त्याच्याच जीएसटी क्रमांकावर घे, नाहीतर त्याचं क्रेडिट बुडेल.

हे सांभाळायचं तर खात्यांची मांडणीच तशी करावी लागते. पक्षाच्या वतीने भरलेल्या पैशाचा वेगळा गट ठेव, तोही खर्चात नाही, चालू मालमत्तेत. प्रत्येक जॉबला स्वतंत्र कॉस्ट सेंटर दे. जॉब संपला की त्या गटात त्याची बाकी शून्य झाली पाहिजे. झाली नाही तर एक तर पक्षाकडून घ्यायचं राहिलंय किंवा पावती हरवलीय. महिन्याला ज्या जॉबची बाकी शून्य नाही त्यांची यादी काढ आणि मालकासमोर ठेव. अशा धंद्यात पैसा बुडतो तो बहुतेक याच यादीत, कारण सहा महिने झाले की पक्षालाही आठवत नाही आणि आपल्यालाही.

जॉबच्या नोंदीत कंटेनर नंबर येणार. त्यात चार अक्षरं, सहा आकडे, आणि पेटीवर चौकटीत रंगवलेला शेवटचा एक आकडा असतो. तो सातवा आकडा शोभेचा नाही. सीएसक्यूयू 305438 हे घे. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, ती आणि आकडे क्रमाने 1, 2, 4, 8 असे 512 पर्यंत दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. इथे बेरीज येते 6185. तिला 11 ने भागलं की बाकी उरते 3, म्हणून पेटीवर शेवटी 3 असतो. कोणी 30 च्या पुढचे 5 आणि 4 उलटे टाइप करून 304538 लिहिलं, की बेरीज 6249 होते आणि बाकी 1 येते. चूक तिथल्या तिथे पकडली जाते. जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षरही याच कामाचं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ही तपासणी आहे का ते पहिल्याच आठवड्यात बघ. मुद्दाम एक आकडा चुकवून भर. त्याने मुकाट्याने घेतला तर प्रोग्रामरला सांगून तपासणी बसवून घे. एका चुकीच्या पेटीवर चढलेलं डिटेन्शन शोधायला दोन दिवस जातात.

बिलांचे नंबर यंत्रालाच देऊ दे. जीएसटीत बिलाचा नंबर 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, सलग हवा आणि आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको. बिल चुकलं तर ऑल्ट-एक्सने रद्द कर, ऑल्ट-डीने पुसू नकोस. रद्द केलेल्या बिलाचा नंबर जागेवर राहतो. पुसलं की मालिकेत भोक पडतं, आणि जीएसटीआर-1 मध्ये कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं निघाली आणि किती रद्द झाली हे दर वेळी लिहून द्यावं लागतं.

वहीत खोडायची मनाई होती. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. संगणक आला आणि ही शिस्त मोडली. मार्चमधली नोंद जूनमध्ये बदलली तरी पानावर मागमूस राहीना. मला या बदलाचा सगळ्यात जास्त त्रास झाला, आणि सरकारने ती शिस्त परत आणली याचं मनापासून समाधान आहे. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग हवाच: काय बदललं आणि कधी, हे नोंदलं गेलं पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. तुझा मालक एकटा प्रोप्रायटर असेल तर त्याला ही सक्ती नाही. तरी चालू करायला सांग. हा लॉग तुझ्यावर पाळत ठेवायला नाही, उद्या कोणी नोंद फिरवली आणि बोट तुझ्याकडे वळलं तर तोच तुझा साक्षीदार.

पण ऑफिसातले सगळे एकाच पासवर्डने आत जात असतील तर तो लॉग कुचकामाचा. प्रत्येकाला स्वतःचा युजर हवा. मालकाने घाईत पासवर्ड मागितला तरी आदराने नाही म्हण, आणि त्यांच्या नावाचा वेगळा युजर काढून दे. बिल चढवणारा आणि पेमेंट सोडणारा शक्यतो एकच नसावा. जीएसटीचा 3बी भरून झाला की त्या महिन्याला कुलूप लाव, मागच्या तारखेची नोंद कोणाला घालता येऊ नये. काही राहून गेलंच असेल तर चालू महिन्यात जर्नल कर आणि खुलाशात कारण लिही. खुलासा म्हणजे नुसतं "दुरुस्ती" नको. कुठलं बिल, का बदललं, कोणी सांगितलं, एवढं हवं.

कोणी गावातल्या पोराकडून स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घेत असेल तर त्या पोराला एकच प्रश्न विचार: रक्कम आत कशी साठवतोस? संगणकाच्या द्विमान पद्धतीत 0.1 नेमका लिहिताच येत नाही, म्हणून साध्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात 0.1 आणि 0.2 मिळवले की 0.30000000000000004 येतं. एका बिलात ते दिसत नाही, हजारो ओळींच्या बेरजेत मात्र फरक पडू शकतो आणि मेळ बसत नाही. रक्कम पैशांतला पूर्णांक म्हणून किंवा नेमक्या दशांश प्रकारात ठेवायला सांग. रुपयाला गोळाबेरीज करताना पडणारा फरक राउंड-ऑफच्या वेगळ्या खात्यात जाऊ दे.

बॅकअप रोज घे, आणि तो ऑफिसातल्याच पेनड्राइव्हवर ठेवू नकोस. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यातली वीज यंत्राला सोडत नाही. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघ. उघडला नाही तर तो बॅकअप नाही. कंपनीला हिशोब आठ वर्षं सांभाळावे लागतात, जीएसटीचे वार्षिक विवरण भरायच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. तेवढ्या काळात सॉफ्टवेअर दोनदा बदलेल आणि जुनी फाइल नव्यात उघडेलच असं नाही. म्हणून वर्षअखेरीचं ऑडिट संपलं की तेरीज, सगळी खाती आणि रोजकीर्द पीडीएफ करून वेगळी ठेव, आणि कुठे ठेवली ते मालकाच्या हातच्या वहीत लिहून ठेव.