सृष्टिरचना आणि महास्फोटाविषयीचा संशय

सृष्टिरचनेचे निरूपण चालले असता काही वासनिक समाधानाने म्हणतात, "महास्फोट डॉ. जयंत नारळीकरांनाही मान्य नव्हता. म्हणजे विज्ञान येथे थकले." हे समाधान फसवे आहे. १९६४ साली हॉएल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणाऱ्या नारळीकरांचा संशय गणितातून आला होता. पुढे १९६५ साली पेंझियस व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांतून येणारे सूक्ष्मतरंग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. बहुतेकांनी तो महास्फोटाचा पुरावा मानला. नारळीकरांनी ते तरंग नाकारले नाहीत. त्यांचा निराळा उलगडा शोधला आणि १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह आपले स्थिर विश्वाचे मतच पालटून मांडले. आपल्या संशयाने इतके श्रम केले आहेत काय?

शिवाय सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतितप्त, दाट अवस्थेपासूनचा तो हिशोब कार्यरूप प्रपंचाचा आहे, आणि कार्यरूप प्रपंच अनित्य हे आपल्या शास्त्रास संमतच आहे. नित्य तो कारणरूप. जीव, देवता व परमेश्वर हे तर दुर्बिणीचे विषयच नव्हेत. काळाचा आरंभही तेथेच झाला, असे म्हणणाऱ्यांशी मात्र आपला वाद उरतो. तो नारळीकरांच्या आडून न घालता आपल्याच प्रमाणांनी घालावा लागेल.