पोहे आणि कापूस

नागपूरच्या नंदनवनात घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. कर्बोदकांचा धडा दरवर्षी येतो. इतक्या वर्षांत त्यातून मला उमगलं ते असं.

१. नावावर विसंबू नये. कर्बोदक म्हणजे कर्ब अधिक उदक. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२, ऑक्सिजनचे ६ अणू. हायड्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यासारखंच २ ला १. त्यावरून नाव पडलं. पण रेणूत पाणी हे पाणी म्हणून नसतंच. एका मुलीने विचारलं, "मॅडम, व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लातही २ ला १च आहे. मग ते कर्बोदक का नाही?" त्या दिवसापासून मी नुसत्या सूत्रावरून व्याख्या सांगणं सोडलं. कार्बनची साखळी, तिच्यावर जागोजागी हायड्रॉक्सिल गट आणि एके ठिकाणी अल्डिहाइड किंवा कीटोन, हे आधी काढून दाखवते.

२. वजाबाकी मुलांनाच करू द्यावी. रेणुभार बघा: ग्लुकोज १८०, फ्रुक्टोज १८०. दोन्ही जोडून झालेली साखर मात्र ३४२. गेले ते १८ पाण्याचे.

३. तर्रीसोबत खातो तेच पोहे, कोरडे, आणि कापसाचा बोळा एका ताटलीत ठेवते. दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब. पोहे निळे-काळे होतात, कापूस पिवळट-तपकिरीच राहतो. मुलं पुढे सरकून बघतात. दोन्हीकडे ग्लुकोजच्याच माळा, फरक जोडाचा. स्टार्चमधल्या अल्फा जोडामुळे माळेला पीळ पडतो, पोकळीत आयोडीन शिरतं, रंग येतो. सेल्युलोजच्या बीटा जोडात एकाआड एक ग्लुकोज उलटा बसतो. माळ सरळ राहते, शेजारणींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरते. त्यातून धागा होतो. त्याच धाग्याच्या भरवशावर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये आपल्या नागपुरात सुरू झाली.

४. शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला ज्वारीच्या ताटाबद्दल विचारावं. कणसातल्या दाण्यांची भाकर आपण खातो. कडबा बैलापुढे टाकतो. कडब्यातल्या सेल्युलोजचा बीटा जोड तोडणारं विकर आपल्या शरीरात नाही. बैलाकडेही नाही, पण त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. हे ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, कडब्यातही ग्लुकोजच आहे!" अल्फा-बीटा त्याला पुन्हा समजवावं लागलं नाही.

शिक्षकमित्रांना विनंती आहे, परीक्षेत येत नाही म्हणून पोहे-कापसाचा हा प्रयोग गाळू नका. आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं.