रक्त आलं म्हणजे नेमकं काय फाटलं? आधारपटलाची ओळख



मधल्या सुट्टीत पडलेलं मूल गुडघा दाखवायला येतं. कधी नुसती पांढरट रेघ असते, रक्ताचा थेंबही नाही. कधी बारीक लाल ठिपके वर येतात. दोन्हीला आपण 'खरचटलं' असंच म्हणतो. पण दुसऱ्या वेळी शरीरातली एक सीमा ओलांडली गेलेली असते.

त्वचेच्या वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, रक्तवाहिन्या नसतातच. त्या असतात खालच्या अंतस्त्वचेत. या दोन थरांच्या मध्ये एक अतिशय पातळ अस्तर असतं, ते आधारपटल. रक्त दिसलं की समजायचं, हे अस्तर फाटलं. मुलांना हे एवढं सांगितलं तरी पुरे, पुढच्या वेळी ती स्वतःच गुडघा निरखून बघतात!

इंग्रजीत याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. 'बेसमेंट' म्हणजे तळघर असं डोक्यात आलं की घोटाळा होतो. दुसरा घोटाळा पेशीपटलाशी होतो. पेशीपटल प्रत्येक पेशीचं स्वतःचं असतं. आधारपटल पेशींच्या बाहेर असतं आणि ते पेशींचं नसून प्रथिनांचं बनलेलं असतं. त्यातलं कोलॅजेन (चौथ्या प्रकारचं) दोरीसारखं नसून जाळीसारखं विणलेलं असतं. त्याच्या जोडीला लॅमिनिन नावाचं प्रथिन वरच्या पेशींना धरून ठेवतं. भिंतीवरच्या टाइल्स म्हणजे पेशी मानल्या, तर मागचा सिमेंटचा हात म्हणजे आधारपटल. जाडी साधारण ५० ते १०० नॅनोमीटर, म्हणजे असे हजारेक थर रचले तर कुठे वहीच्या एका पानाएवढी जाडी होईल.

नववीच्या विज्ञानात अभिस्तर ऊती येतात. जिथे जिथे अभिस्तर, तिथे तिथे खाली हे पटल. मूत्रपिंडात ते जास्त जाड असतं आणि गाळणीचं काम करतं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव तिथून गाळला जातो, पण रक्तातली मोठी प्रथिनं मागेच राहतात. मधुमेह बरीच वर्षं आटोक्यात नसेल तर हे पटल जाड होतं. जाड झालं म्हणजे चांगलं गाळेल असं वाटतं ना? होतं उलटंच, प्रथिनं लघवीतून झिरपायला लागतात. म्हणूनच डॉक्टर मधुमेहींना लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. गालाच्या आतल्या बाजूलाही अभिस्तर आहे आणि त्याखाली हेच पटल. तंबाखू, गुटखा तिथे रोज दाबून ठेवला की वरच्या पेशी बिघडू लागतात. बिघडलेल्या पेशी पटलाच्या वर आहेत तोवर त्यांना रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या गाठता येत नाहीत, आणि तेवढा भाग काढून सहसा काम भागतं. पुढे काही पेशी पटल विरघळवणारी विकरं सोडून खाली उतरतात. तिथून त्या मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचू शकतात. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना म्हणूनच महत्त्वाचा प्रश्न असतो, पेशींनी पटल ओलांडलं आहे का? कर्करोग म्हणायचा की त्याच्या आधीची अवस्था, हे त्यावर ठरतं.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तरी रिकाम्या पुड्या आपल्याला रस्त्यावर दिसतातच, आणि मुलं घरातल्या मोठ्यांचं बघत असतात.

पालकांनो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर आधी जवळच्या दंतवैद्यांना दाखवा. गरज पडली तर परळचं टाटा स्मारक रुग्णालय विठ्ठलवाडीहून लोकलच्या अंतरावर आहे. सुरुवातीचा चट्टा बहुधा दुखत नाही, त्यामुळे 'दुखलं की बघू' हा हिशोब इथे चालत नाही.