अधिकारपद आणि विद्या
मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले व १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने त्या सेवेचा निरोप घेतला. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांच्या योजनेनुसार बसविलेले दरवाजे पाणी ठराविक पातळीवर चढताच आपोआप उघडत व ओसरताच मिटत. माणसाने तेथे उभे राहण्याची गरज नसे. लोकसेवकानेही आपले काम असेच लावून द्यावे, म्हणजे त्याच्यावाचून ते अडत नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडविला, तेव्हा पूरनियंत्रणाची योजना आखण्यासाठी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांनाच पाचारण केले. अधिकारपद सुटते, विद्या सुटत नाही. म्हणून सेवेत नव्याने येणाऱ्या तरुणांनी पदापेक्षा विद्येची जोपासना करावी. निवृत्तीच्या दिवशी तीच बरोबर येते.