गाडीतला 'घूंऽऽ' आवाज येतो कुठून?

पालकहो, भागाकार आणि निरीक्षण एकत्र शिकवायला हा विषय झकास आहे. गल्लीत गाडी गप्प असते, नाशिक हायवेला ८०चा वेग घेतला की घूंऽऽ सुरू!

आधी दोरीने चाकाचा परीघ मोजायला सांगा. समजा १.८ मीटर आला. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर, म्हणजे चाकाचे जवळपास १२ फेरे. दिव्याच्या मुलांना हे पटकन कळतं. लोकलचं चाक एका जागी घासून सपाट झालं की टक-टक वाजतं आणि स्टेशन आलं की ती टक-टकही मंदावते.

आता शोध. वही मागच्या सीटवरच्या मुलाकडे, चालवणाऱ्याने फक्त चालवायचं. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर काहीच कळत नाही. वेग तोच ठेवून गिअर बदलला, तरी आवाज तसाच? मग बहुधा इंजिन नाही. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर बदलला? टायर बघा. शिट्टीसारखा असेल तर दाराच्या फटीवर चिकटपट्टी लावून बघा. थांबला तर तो वारा.

डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं वाढला, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगचा संशय घ्यायचा. गॅरेजवाला जॅक लावून चाक हाताने फिरवतो, खरखर हाताला लागते. वारा चालवून घेता येतो, बेअरिंग नाही. ते पार गेलं तर धावत्या गाडीचं चाक अडकू शकतं, निखळूही शकतं.