दोन एकर आणि पहिला व्यवसाय

प्रश्न : मी यंदा बी.एस्सी. (कृषी) झालो. जुन्नर तालुक्यात घरची दोन एकर बागायती जमीन आहे. कर्ज काढून पॉलिहाउस उभारावे का?

उत्तर : एवढ्यात नको. भाव पडला तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. आधी पाच गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये भाजीपाला रोपवाटिका सुरू करा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारामुळे तुमच्या भागात रोपांना मागणी असते. प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट वापरून टोमॅटोचे रोप साधारण 25 दिवसांत, मिरचीचे 35 ते 40 दिवसांत लागवडीला येते. पैसा लवकर फिरतो.

नोंदणी घेऊनच बी टाका. वय झालेले रोप कोणी उचलत नाही. पांढरी माशी विषाणू पसरवते, म्हणून कीडरोधक जाळी आणि दुहेरी दार यांत काटकसर नको. प्रत्येक ट्रेवर वाण, लॉट क्रमांक आणि पेरणीची तारीख लिहा.

केंद्राच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत कृषी पदवीधरांना मोफत निवासी प्रशिक्षण मिळते. त्यानंतर कर्जाशी निगडित अनुदानासाठी अर्ज करता येतो. बाकी जमिनीत घरचे पीक चालू ठेवा. दोन हंगामांचा जमाखर्च हाती आला, की घरच्यांसोबत बसून पुढचा निर्णय घ्या.